ऐकण्याची वेळ कोणाची?

रेडिओवर संगीत लावायचे म्हटले की तीन गोष्टी आधी ठरवाव्या लागतात : काय वाजवायचे, केव्हा वाजवायचे आणि कोणासाठी वाजवायचे. या तिन्हींची मिळून जी घडी बसते तिला रेडिओच्या धंद्यात ‘फॉरमॅट’ म्हणतात. ही घडी अनेकदा मोडली आणि पुन्हा बसली, आणि दरवेळी ती बसवणारा हात बदलला. तो आधी सरकारी अधिकाऱ्याचा होता, मग जाहिरातदाराचा आणि बाजार-पाहणीचा झाला. इंटरनेट रेडिओ आल्यावर तो श्रोत्याचा झाला. निदान श्रोत्याला तसे वाटू लागले.

या बदलांचा इतिहास सहसा तंत्रज्ञानाच्या किंवा धंद्याच्या अंगाने सांगितला जातो. त्याच्या मुळाशी मात्र एक जुना प्रश्न आहे. ऐकणे ही निवडण्याची क्रिया आहे की स्वीकारण्याची? भारतीय परंपरेने श्रवणाला फार वरचे स्थान दिले. भागवतातल्या नवविधा भक्तीत श्रवण पहिले येते. वेदान्तातही आधी श्रवण, मग मनन आणि निदिध्यासन असा क्रम आहे. दोन्हीकडे श्रोता कोणापुढे तरी येऊन बसतो. कीर्तनाची वेळ देवळाने ठरवलेली असते, निरूपणाचा अभंग बुवांनी निवडलेला असतो. श्रोत्याकडे येणे आणि कान देणे एवढेच उरते. रेडिओने हे श्रवण घरात आणले, पण त्याची अट तशीच ठेवली. इंटरनेटने ती अट काढून टाकली, आणि मग जे उरले ते श्रवण कितपत आहे, हा वाद उभा राहिला.

या वादाला आपल्याकडे एक तयार चौकट आहे. मीमांसकांच्या मते शब्द नित्य आहे. उच्चारलेला ध्वनी त्याला फक्त प्रकट करतो. त्यामुळे आज ऐकलेला शब्द आणि हजार वर्षांपूर्वी ऐकलेला शब्द एकच. नैयायिकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते शब्द उत्पन्न होतो, पाण्यावरच्या तरंगासारखा पसरत कानापर्यंत येतो आणि नाहीसा होतो. दुसऱ्यांदा उच्चारला तो दुसरा शब्द. हा वाद वेदांच्या प्रामाण्यासाठी झाला, गाण्यांसाठी नव्हे, हे खरे. तरी ध्वनिमुद्रण आल्यावर त्याला अनपेक्षित धार आली. शब्द नित्य मानणाऱ्याला जुन्या तबकडीतला सूर आज ऐकताना काही उणे वाटायचे कारण नाही. शब्द क्षणाबरोबर जातो असे मानणाऱ्याच्या दृष्टीने तबकडीतून येतो तो नवाच ध्वनी, मूळ गायनाचा वंशज फार तर. रेडिओवरचे पुढचे बरेच वाद नकळत या दोन पक्षांत विभागले गेले आहेत.

भारतातल्या संगीत-प्रसारणाच्या पहिल्या मोठ्या भांडणात हा प्रश्न नैतिक रूपात आला. 1952 ते 1962 या काळात डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री होते. ते मूळचे पुण्याचे. हिंदी चित्रपटसंगीत अभिरुची बिघडवते आणि सरकारी रेडिओचे काम लोकांना चांगले ऐकवण्याचे आहे, अशी त्यांची पक्की समजूत होती. त्यांच्या काळात आकाशवाणीवरची चित्रपटगीते जवळजवळ बंद पडली आणि त्यांच्या जागी शास्त्रीय व सुगम संगीत आले. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम 1952 सालीच सुरू झाला. शनिवारी रात्री देशभरातली केंद्रे एकाच गवयाचे किंवा वादकाचे गायन-वादन सहक्षेपित करू लागली. गुरूने शिष्याला ऐकवावे तसे राज्याने प्रजेला ऐकवायचे, असा हा फॉरमॅट होता. केसकरांची थट्टा पुष्कळ झाली आणि ती सर्वस्वी गैर होती असे म्हणता येत नाही. पण खेड्यातल्या माणसाने मोठा गवई एरवी कुठे आणि कोणत्या तिकिटावर ऐकला असता, या प्रश्नाला त्यांच्या टीकाकारांनीही सरळ उत्तर दिले नाही.

लोकांनी काटा फिरवला तो सिलोनकडे. रेडिओ सिलोनच्या लघुलहरींवर 1952 च्या अखेरीस ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. अमीन सयानींचा आवाज, बुधवारची रात्र आणि गाण्यांच्या चढत्या पायदानांची उत्सुकता असे तिचे रूप होते. इथे क्रम लावायचा तो लोकांच्या पसंतीने, तबकड्यांची विक्री आणि श्रोत्यांची मते पाहून. सरकारलाही अखेर नमते घ्यावे लागले आणि 3 ऑक्टोबर 1957 रोजी विविध भारती सुरू झाली. मग फर्माइशींचा जमाना आला. झुमरी तलैया हे गाव पोस्टकार्डांच्या जोरावर देशभर माहीत झाले. मराठीत ‘आपली आवड’ने तीच हौस पुरवली. फर्माइशीची एक गंमत आहे. पत्र पाठवणाऱ्याला आपले गाणे लागेल याची खात्री नसे आणि लागले तरी ते त्याच्या एकट्यासाठी नसे. नावांची यादी वाचली जाई आणि त्या यादीत आपले नाव ऐकण्यासाठी आख्खे घर थांबे. निवड होती, पण ती पोस्टातून, उद्घोषकाच्या हातून आणि दहा गावांच्या नावांसोबत येत असे.

सिलोनवर सकाळी जुन्या चित्रपटगीतांचा कार्यक्रम आठाला संपे आणि त्यातले शेवटचे गाणे कुंदनलाल सैगल यांचे असे. सैगल लागला की आठ वाजत आले हे घड्याळ न पाहता कळे. या साध्या गोष्टीत रेडिओचा स्वभाव नेमका दिसतो. गाणे दिवसाच्या ठरलेल्या ठिकाणी येई, म्हणून दिवसच त्याच्याभोवती लावला जाई.

मराठीत याचे सर्वांत ठळक उदाहरण गीतरामायणाचे. पुणे आकाशवाणीवर 1 एप्रिल 1955 रोजी, रामनवमीच्या दिवशी, ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांच्या या मालिकेचे पहिले गीत प्रसारित झाले. आठवड्याला एक नवे गीत, असे वर्षभर चालायचे होते. त्या शकवर्षात अधिक मास आला आणि बेत 52 गीतांवरून 56 वर गेला. म्हणजे कार्यक्रमाची लांबी पंचांगाने ठरवली! रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून लोक ऐकायला बसत, अशा आठवणी त्या पिढीतल्या अनेकांनी सांगितल्या आहेत. शहाण्या माणसांनी लाकडी पेटीला हार का घालावा, असे कोणी विचारू शकेल. पण त्यात पेटीची पूजा नव्हती. घरात एक वेळ आली होती, तिचे स्वागत होते.

या मालिकेत एक तात्त्विक पेच आहे, तो सहसा लक्षात घेतला जात नाही. रामकथा कोणाला माहीत नव्हती? पुढे काय होणार याची उत्सुकता हा तिथे मुद्दाच नव्हता. तरीही लोक आठवडाभर वाट पाहत. याचा अर्थ, रेडिओची ओढ केवळ अनपेक्षित ऐकण्याची नसते. हा मुद्दा पुढे इंटरनेटच्या कायद्याकडे पाहताना उपयोगी पडतो.

फॉरमॅट या शब्दाला आजचा अर्थ अमेरिकेत मिळाला. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरात टॉड स्टोर्झ यांच्या केओडब्ल्यूएच या केंद्रावर ‘टॉप 40’ची पद्धत आकाराला आली. तिची जन्मकथा अशी सांगतात : हॉटेलात ज्यूकबॉक्सवर गिऱ्हाइके दिवसभर तीच मोजकी गाणी लावत, आणि गिऱ्हाइके गेल्यावर तिथली वाढपीण स्वतःच्या पैशाने पुन्हा तेच गाणे लावी. कथा पुरती खरी असो वा नसो, त्यातून काढलेला निष्कर्ष धंद्याला पुरला. लोकांना आवडते तेच पुन्हा पुन्हा हवे असते. तेव्हापासून गाण्यांची यादी लहान होत गेली आणि फेरे वाढत गेले. पुढे गाणी निवडण्यासाठी पाहणीही सुरू झाली. फोनवरून किंवा सभागृहात बसवून लोकांना गाण्याचे अवघे काही सेकंदांचे ओळखीचे तुकडे ऐकवायचे आणि गुण मागायचे. या तुकड्याला ‘हुक’ म्हणतात. मग वेळापत्रक लावणारे सॉफ्टवेअर ठरवते की कोणते गाणे किती तासांनी परत यावे, दोन संथ गाणी लागोपाठ येऊ नयेत, एकाच गायकाचा आवाज लगेच पुन्हा ऐकू येऊ नये. संगीताचा मध्यम, सर्वांना चालेल असा भाग चाळून काढायची ही युक्ती आहे, आणि ती कमालीची यशस्वी झाली. 1967 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या केएमपीएक्स केंद्रावर टॉम डोनाह्यू यांनी तिच्याविरुद्ध बंड केले. निवेदकाने मनाला येईल ते, लांबलचक रेकॉर्डसुद्धा, वाजवावे अशी ती रीत होती. काही वर्षांतच त्या रीतीलाही यादी आणि फेरे चिकटले.

भारतात हे सगळे एकदम आले. फेब्रुवारी 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले. 3 जुलै 2001 रोजी बेंगळुरूत रेडिओ सिटी हे पहिले खाजगी एफएम केंद्र सुरू झाले. मालमत्ता सार्वजनिक ठरली, पण ती वाटली गेली लिलावाने. परवान्यासाठी मोठी रक्कम मोजल्यावर जोखीम कोण घेणार? त्यामुळे एका शहरात पाच-सहा केंद्रे आली तरी बहुतेकांवर ताजी हिंदी चित्रपटगीतेच वाजत राहिली. बातम्या देण्याची मुभा नव्हती, पुढे आकाशवाणीच्याच बातम्या लावायला परवानगी मिळाली. उरली ती गाणी, जाहिराती आणि रेडिओ जॉकींचा बोलघेवडेपणा. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत मराठी गाण्यांना जागा मिळावी म्हणून जाहीर मागण्या कराव्या लागल्या, यातच या फॉरमॅटचा निकाल आला. शास्त्रीय संगीताचे रसिक मध्यंतरी वर्ल्डस्पेस या उपग्रह रेडिओकडे वळले होते. त्याची ‘गंधर्व’ वाहिनी दिवसरात्र हिंदुस्थानी संगीत लावत असे. 2009 च्या अखेरीस ती भारतातली सेवाच बंद पडली आणि वर्गणी भरून घेतलेले संच मुके झाले.

आवडीचा फॉरमॅट बंद पडला तर श्रोत्याला दाद मागता येते काय? हा प्रश्न अमेरिकेत न्यायालयात लढवला गेला. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएनसीएन या केंद्राने 1974 मध्ये शास्त्रीय संगीत सोडून रॉक सुरू केले तेव्हा श्रोत्यांनी संघटना काढून झगडा केला आणि पुढच्याच वर्षी शास्त्रीय संगीत परत आणले. त्यांचे म्हणणे असे, की लहरी जनतेच्या असतील तर त्यावरचे वैविध्य राखणे ही नियामकाची जबाबदारी आहे. 1981 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र फॉरमॅट बाजारावर सोडण्याचे नियामकाचे धोरण उचलून धरले. तात्त्विक दृष्टीने या निकालाचा अर्थ मोठा आहे. श्रोता हा ग्राहक आहे, पटले नाही तर त्याने काटा फिरवावा. एकत्र ऐकणाऱ्यांचा समुदाय म्हणून त्याला हक्क नाही.

ग्राहकाला काटा फिरवायला अमर्याद जागा इंटरनेटने दिली. 7 नोव्हेंबर 1994 रोजी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या डब्ल्यूएक्सवायसी या विद्यार्थी केंद्राने आपले प्रसारण इंटरनेटवर सोडले. अशा पहिल्या प्रयत्नांत त्याची गणना होते. पुढच्या वर्षी रिअलऑडिओ, दशकाच्या शेवटी शाउटकास्ट ही प्रसारणाची सॉफ्टवेअरे आली आणि घरच्या संगणकावरून कोणीही केंद्र चालवू लागला. परवाना, मनोरा, लहरींची टंचाई हे सगळे अडथळे गळून पडले. न्यू जर्सीतल्या मराठी माणसाला सकाळी पुण्याचे प्रसारण ऐकता येऊ लागले. फक्त तिथल्या सकाळी इथली संध्याकाळ झालेली असते, आणि त्याला प्रभातीचे सूर त्याच्या रात्री ऐकावे लागतात. आकाशवाणीनेही 26 जानेवारी 2016 रोजी ‘रागम’ ही चोवीस तास शास्त्रीय संगीताची वाहिनी उपग्रह आणि इंटरनेटवर सुरू केली. केसकरांना जे सर्वांना एकाच वेळी ऐकवायचे होते ते आता ज्याला हवे त्याला मिळते.

वरून पाहता दोन्ही रेडिओच. आतली रचना मात्र उलटी आहे. मनोऱ्यावरून निघालेली लहर एकच असते. तिच्या टप्प्यात दहा संच असोत की दहा लाख, प्रक्षेपकाला फरक पडत नाही आणि कोण ऐकतो आहे हे त्याला कळतही नाही. इंटरनेटवर प्रत्येक श्रोत्यासाठी सर्व्हरकडून स्वतंत्र प्रवाह निघतो. श्रोता वाढला की खर्च वाढतो, आणि कोणी कोणत्या सेकंदाला ऐकणे सोडले याची नोंद होते. जुन्या रेडिओला श्रोता दिसत नव्हता, म्हणून त्याला अंदाजाने सर्वांसाठी बोलावे लागे. नवा रेडिओ श्रोत्याकडेच कान लावून असतो. शिवाय प्रत्येक प्रवाह आधी थोडा साठवून मग ऐकवला जात असल्याने दोन घरांतले प्रसारण काही सेकंदांनी मागेपुढे होते. बीबीसी 1924 पासून तासाच्या ठोक्याला ग्रिनिच वेळेचे टिपटिप संकेत देत आली आहे. इंटरनेटवर ते ऐकून घड्याळ लावले तर घड्याळ मागे पडते.

पुढची पायरी म्हणजे एकेका श्रोत्याचे केंद्र. 2000 साली सुरू झालेल्या म्यूझिक जीनोम प्रकल्पावर उभी राहिलेली ‘पॅन्डोरा’ 2005 मध्ये लोकांपुढे आली. संगीत जाणणारी माणसे प्रत्येक गाणे ऐकून त्याचे शेकडो गुणधर्म नोंदवत आणि त्यावरून संगणक पुढचे गाणे काढी. श्रोत्याने अंगठा वर केला की त्या वळणाची आणखी गाणी. भारतात सावन, गाना आणि 2019 पासून स्पॉटिफाय यांनी हेच आणले. यातल्या कित्येक सेवा आपल्या न संपणाऱ्या याद्यांना ‘रेडिओ’ म्हणतात. तसे म्हणावे काय?

अमेरिकेच्या कायद्याने याचे एक उत्तर दिले आहे. 1998 च्या डिजिटल कॉपीराइट कायद्यानुसार इंटरनेट रेडिओला ठरावीक दराने सरसकट परवाना मिळतो, पण काही अटींवर. तीन तासांत एका अल्बममधली तीनपेक्षा जास्त गाणी लावायची नाहीत, एका कलाकाराची चारपेक्षा जास्त नाहीत आणि पुढे कोणते गाणे येणार याची यादी आधी जाहीर करायची नाही. मागितलेले गाणे तत्काळ मिळत असेल तर तो रेडिओ नव्हे, तिथे प्रत्येक हक्कधारकाशी वेगळा करार हवा. 2009 मध्ये लॉन्चकास्ट या सेवेच्या खटल्यात अपील न्यायालयापुढे नेमका हाच मुद्दा आला. ती सेवा प्रत्येक श्रोत्याच्या आवडीनुसार यादी बनवत असे, तरी पुढचे गाणे कोणते हे श्रोत्याला सांगता येत नाही, म्हणून ती मागेल ते देणारी सेवा ठरत नाही, असे न्यायालय म्हणाले. म्हणजे कायद्याच्या लेखी रेडिओपणाची खूण श्रोत्याच्या अज्ञानात आहे. रॉयल्टीच्या हिशोबासाठी बनवलेल्या कलमात इतका खोल विचार असावा, हे मजेशीर आहे. पण ही खूण अपुरी आहे. गीतरामायणाच्या श्रोत्याला कथा ठाऊक होती आणि सैगलच्या गाण्याने कार्यक्रम संपणार हे सिलोनच्या श्रोत्याला ठाऊक होते. माहीत असल्याने त्यांचे ऐकणे कमी रेडिओचे झाले नाही.

धर्मशास्त्र्यांनी दुसरी खूण सांगितली आणि ती अधिक विचार करण्याजोगी आहे. कुराणातल्या काही आयती ऐकल्यावर ऐकणाऱ्याने सजदा (जमिनीला कपाळ टेकवून नमन) करावा, असा नियम आहे. हनफी पंथाच्या जुन्या ग्रंथांत प्रश्न येतो : तीच आयत डोंगरावरून आलेल्या प्रतिध्वनीत किंवा पढवलेल्या पोपटाकडून ऐकली तर? उत्तर असे, की सजदा आवश्यक होत नाही, कारण तिथे समजून-उमजून म्हणणारा पाठक नाही. विसाव्या शतकात ध्वनिमुद्रण आले तेव्हा अनेक हनफी मुफ्तींनी टेपला प्रतिध्वनीच्या रांगेत बसवले आणि रेडिओवरच्या थेट पठणाला मात्र जिवंत पठणाचा दर्जा दिला. मशिदीत न जाता रेडिओवरच्या इमामामागे नमाज पढता येईल काय, या प्रश्नावर बहुसंख्य विद्वानांनी नाही म्हटले. इमाम आणि मागची रांग एका जागी हवी, ध्वनी पोहोचला म्हणजे माणसे एकत्र आली असे होत नाही, हा त्यांचा आधार. मोरोक्कोचे अहमद अल-घुमारी यांनी याविरुद्ध, रेडिओवरून शुक्रवारची नमाज होऊ शकते असे प्रतिपादन करणारी पुस्तिका लिहिली, पण ते मत एकाकीच राहिले.

कॅथलिक चर्चही फिरून त्याच जागी येते. व्हॅटिकन रेडिओ 1931 मध्ये खुद्द मार्कोनी यांनी उभारून दिला. पोपच्या ‘उर्बी एत ऑर्बी’ आशीर्वादाशी जोडलेले पापदंडाच्या माफीचे फळ रेडिओवरून ऐकणाऱ्यालाही मिळते, असे 1939 मध्ये जाहीर झाले. पुढे त्यात दूरदर्शन आले. अट एकच : प्रसारण थेट हवे, ध्वनिमुद्रण चालत नाही. आणि 2002 मध्ये इंटरनेटविषयी व्हॅटिकनने काढलेल्या निवेदनाने संस्कारविधी इंटरनेटवर होत नाहीत, हे स्पष्ट केले. आशीर्वाद लहरींवरून जातो, विधी जात नाही. इतकी बारीक रेघ बाहेरच्याला कदाचित कायदेपंडिताची वाटेल, पण तिच्यामागचा विचार हनफी मुफ्तींच्या विचाराजवळचा आहे. बोलणारा त्या क्षणी बोलत असला पाहिजे. नैयायिकांचीच बाजू ही.

या खुणेला आव्हान देणारी गोष्ट कोलकात्यात दरवर्षी घडते. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीपासून आकाशवाणीचे कलकत्ता केंद्र ‘महिषासुरमर्दिनी’ हा कार्यक्रम प्रसारित करत आले आहे. संहिता वाणीकुमार यांची, संगीत पंकज मलिक यांचे आणि चंडीपाठ वीरेंद्रकृष्ण भद्र यांचा. महालयेला, म्हणजे आपल्या सर्वपित्री अमावास्येला, पहाटे चारला तो लागतो. ब्राह्मण नसलेल्या माणसाने चंडी कशी म्हणावी, असा आक्षेप सुरुवातीला निघाला होता, तो टिकला नाही. अनेक वर्षे कलाकार पहाटे केंद्रावर जमून प्रत्यक्ष सादर करत, पुढे ध्वनिमुद्रण लावले जाऊ लागले. 1976 मध्ये आकाशवाणीने भद्रांना बाजूला ठेवून उत्तमकुमार यांच्या आवाजात नवा कार्यक्रम केला. बंगालमध्ये उत्तमकुमारांइतका लोकप्रिय नट दुसरा नव्हता, संगीत हेमंतकुमारांचे होते. लोक खवळले, निषेध झाला आणि जुना आवाज परत आणावा लागला. भद्र 1991 मध्ये वारले. तरी दरवर्षी त्यांच्याच मुद्रित आवाजाने महालयेची पहाट उजाडते.

धर्मशास्त्र्यांच्या कसोटीने हा प्रतिध्वनीच ठरेल. म्हणणारा आज नाही. कायद्याच्या कसोटीनेही हा रेडिओ नव्हे, कारण पुढची ओळ ऐकणाऱ्याला पाठ असते. आणि ते ध्वनिमुद्रण वर्षभर कोणत्याही क्षणी मोबाइलवर मिळते. तरी माणसे गजर लावून पहाटे चारला उठतात. त्या प्रसारणात काही जिवंत असेल तर ते ऐकणाऱ्यांच्या बाजूला आहे. शेजारच्या खिडकीतून तोच आवाज येतो आहे, पलीकडच्या गल्लीतही तोच आहे, आणि चार ही वेळ कोणी आपल्या सोयीने निवडलेली नाही.

खिडक्यांमधून येणाऱ्या या आवाजाची भीती वाटलेला एक तत्त्वज्ञही होऊन गेला. ग्युन्टर अँडर्स (तेव्हाचे आडनाव स्टर्न) यांनी 1930 मध्ये रेडिओवर लिहिलेल्या जर्मन लेखात असा अनुभव मांडला आहे, की घरात संगीत चालू असताना बाहेर पडावे तर शेजाऱ्याच्या खिडकीतून तेच संगीत पुढे चालू असते. संगीताला जागा उरत नाही, ते भुतासारखे सगळीकडे असते. महालयेच्या पहाटे बंगाली माणसाला याच गोष्टीने भरून येते. अँडर्स यांच्या जर्मनीत पुढच्या काही वर्षांत सगळ्या खिडक्यांतून एकच आवाज ऐकू येऊ लागला आणि त्याचा परिणाम जगाने पाहिला. एकत्र ऐकणे आपोआप पवित्र ठरत नाही, हे विसरता कामा नये. दुसऱ्या बाजूने, तत्त्वज्ञ आल्फ्रेड शुट्झ यांनी 1951 च्या निबंधात संगीताचे वर्णन अंतर्गत कालाची भागीदारी असे केले. रचनाकार, वादक आणि श्रोता यांच्यात वर्षांचे अंतर असले तरी संगीत चालू असेपर्यंत ते एकाच प्रवाहात असतात. शुट्झ यांची मांडणी मान्य केली तर एकट्याने हेडफोन लावून ऐकणाराही एकटा नसतो. हा मुद्दा वजनदार आहे आणि इंटरनेट रेडिओच्या बाजूने एवढा चांगला युक्तिवाद दुसरा नाही. मात्र त्यात श्रोता रचनाकाराशी जोडला जातो, शेजाऱ्याशी जोडला जाईलच असे नाही.

तेव्हा रेडिओची खूण थेटपणात किंवा अनपेक्षितपणात शोधण्यापेक्षा वेळेत शोधावी, हे बरे. ज्या ऐकण्याची वेळ श्रोत्याच्या हाती नाही आणि ती इतरांचीही तीच आहे, तो रेडिओ. मग तो लहरींवरून येवो की तारेतून. पंढरपूरला आषाढीच्या आधी विठ्ठलाचा पलंग काढतात आणि दर्शन चोवीस तास खुले होते. देव झोपत नाही, काकडा-शेजारती थांबते, केव्हाही जा आणि पाय धरा. पण ही मोकळीकही वर्षातून नेमक्या दिवसांत येते आणि प्रक्षाळपूजेने संपते. मग नित्योपचार पुन्हा घड्याळावर सुरू होतात. चोवीस तास खुले असणे हाच बारमाही नियम झाला असता, तर वारीला जायचे कशासाठी? संगीत-सेवांच्या याद्यांचा पलंग कायमचा निघाला आहे.

यावरून इंटरनेट रेडिओला सरसकट उणे ठरवता येत नाही. नेटवर चालणारी कितीतरी लहान केंद्रे ठरलेल्या वेळी, माणसाने निवडलेले, सर्वांसाठी एकच प्रसारण करतात. एफएमवरच्या अनेक केंद्रांपेक्षा ती रेडिओच्या जास्त जवळ आहेत. उलट, शहरातल्या सहा केंद्रांवर सॉफ्टवेअरने लावलेली तीच गाणी दर काही तासांनी फिरत असतील, तर मनोरा असूनही तिथे वेळ नावाची गोष्ट उरलेली नाही. सकाळ असो वा रात्र, गाणे तेच. यंत्राने एकेका श्रोत्यासाठी काढलेल्या यादीचे स्थान वेगळे आहे. ती उत्तम संग्रह आहे, अभ्यासाला सोयीची आहे. एका रागाची दहा घराण्यांतली मांडणी एका बैठकीत ऐकण्याची सोय मागच्या पिढीतल्या मोठमोठ्या गवयांनाही नव्हती. मननासाठी तिच्याइतके चांगले साधन आजवर झाले नाही. श्रवणाची जागा मात्र ती घेत नाही, कारण तिच्यात नकोसे झालेले गाणे पुढे ढकलता येते, आणि जे ढकलता येते त्यापुढे माणूस बसत नाही.

आकाशवाणीकडे आजही दोन्ही गोष्टी आहेत : दशकांचा ध्वनिसंग्रह आणि वेळापत्रक. संग्रह इंटरनेटवर आणण्याचे काम व्हायलाच हवे, त्यावर दुमत नाही. पण खर्च वाचवायचा म्हटला की आधी कात्री लागते ती स्थानिक केंद्रांच्या सकाळ-संध्याकाळच्या प्रसारण-सभांना. संग्रह नंतरही चढवता येईल. मोडलेली वेळ पुन्हा बसवायला पिढी जाते, म्हणून त्या सभा आधी राखाव्यात.